गद्दार झालेल्या साथीदाराशी लढाई: तयारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कालपर्यंत एकाच शेकोटीभोवती बसणारा साथीदार शत्रूला जाऊन मिळाला असेल आणि पुढच्या शनिवारी त्याच्याशी गाठ पडणार असेल, तर हे पान तुमच्यासाठी आहे. उदाहरणं डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतली आहेत. पुण्यात मी ज्या टेबलांवर खेळते आणि जिथे डीएम (खेळ चालवणारी) म्हणून बसते, तिथे तीच चालते. २०१४ आणि २०२४ च्या नियमांत जिथे फरक आहे, तिथे तो सांगितला आहे. खेळाडूंचे आणि डीएमचे प्रश्न मुद्दाम एकत्र ठेवलेत, कारण ही लढाई दोघांनी मिळूनच चांगली होते.

एरवीच्या बॉसपेक्षा ही लढाई वेगळी का मानायची?

कारण हा शत्रू तुम्हाला ओळखतो. तुमच्या क्लेरिककडे (देवाच्या बळावर जादू करणारा) कुठले स्पेल, म्हणजे मंत्र, असतात, तुमचा रोग (चोरपावलांनी फिरणारा) कुठल्या बाजूने अंधारात शिरतो, हिट पॉइंट (अंगात किती जीव उरला याचा आकडा) निम्म्यावर आले की आधी कोण मागे सरकतं, यातलं काहीही गुहेतल्या ड्रॅगनला ठाऊक नसतं. गद्दाराने हे सगळं तुमच्या शेजारी उभं राहून पाहिलेलं असतं. त्याची लेव्हल, त्याची तलवार, त्याचा नवा धनी या गोष्टी त्यामानाने दुय्यम आहेत. म्हणून त्याच्याजवळची माहिती शिळी करणं हे तयारीतलं पहिलं काम. ते सोडून नुसती हीलिंग पोशन गोळा केलीत, तर त्याने आखून ठेवलेल्या लढाईत तुम्ही त्याला हवे तसेच उतरता.

तयारीसाठी एक पूर्ण सेशन खर्च करावं का?

करावं. हिंजवडीच्या शिफ्ट, कुणाचं लग्न, कुणाची परीक्षा यातून महिन्यात जेमतेम दोन सेशन जमत असतील तरीही करावं. त्या सेशनमध्ये एकही डाइस पडला नाही तरी ते वाया जात नाही.

सुरुवात नेमकी कुठून करायची?

कागदाला मधोमध रेघ मारा. डावीकडे त्याला आपल्याबद्दल काय माहीत आहे, उजवीकडे आपल्याला त्याच्याबद्दल काय माहीत आहे. डावी बाजू भरताना प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा: तेव्हा तो तिथे होता का? व्हॉट्सॲप ग्रुपवर सेशनच्या नोंदी टाकायची सवय असेल तर त्या आता कामी येतात. बहुतेकांना इथे एक सुखद धक्का बसतो. गद्दार निघून गेल्यावर तुमची एखादी लेव्हल वाढलेली असते, एखादी वस्तू हाती आलेली असते, एखाद्या गावाशी मैत्री झालेली असते. हे सगळं त्याच्या हिशेबाबाहेरचं आहे. लढाईचा कणा यातूनच निघतो.

मग डाव्या बाजूतलं जे बदलता येईल ते बदला. क्लेरिक, ड्रुइड आणि विझार्ड या क्लासना (पात्रांच्या प्रकारांना) लाँग रेस्टनंतर, म्हणजे मोठ्या विश्रांतीनंतर, तयार स्पेल बदलता येतात. म्हणजे त्याने पाहिलेली यादी एका रात्रीत जुनी होते. सॉर्सरर आणि बार्ड यांना लेव्हल वाढेपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे त्यांचे डावपेच त्याला पाठ आहेत असंच धरून चाला. परवलीचे शब्द, पहाऱ्याचा क्रम, चालताना पुढे कोण आणि मागे कोण, हे बदलायला तर काहीच लागत नाही. तरी सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच.

एक सवय मात्र मुद्दाम तशीच ठेवा. तुमचा फायटर नेहमी दार लाथेने उघडून पहिला आत जातो, हे गद्दाराला माहीत आहे. त्यासाठी तो दाराआड सापळा लावणार. कुठे सापळा लागणार हे ज्याला आधी कळतं, त्याच्या हातात डाव असतो.

जाताना तो आमच्या काही वस्तू घेऊन गेला. त्याने काय बिघडतं?

त्याच्या बाजूला स्पेल टाकणारा कुणी असेल तर बरंच बिघडतं. स्क्राइंग हा पाचव्या लेव्हलचा (स्पेलची लेव्हल वेगळी, पात्राची वेगळी) स्पेल दूरच्या माणसाला दहा मिनिटांपर्यंत पाहू आणि ऐकू देतो. ज्याच्यावर टाकला त्याला विस्डम या गुणाचा सेव्हिंग थ्रो (स्पेल टाळण्यासाठी टाकायचा डाइस, थोडक्यात सेव्ह) मिळतो, पण टाकणारा त्याला चांगला ओळखत असेल तर त्या थ्रोमधून ५ वजा होतात. त्याची एखादी वस्तू किंवा कपडा जवळ असेल तर आणखी ४. केस, नख असं शरीरातलं काही असेल तर ४ ऐवजी १०. आता गद्दाराचा विचार करा. ओळख तर आहेच, आणि एकाच तंबूत झोपणाऱ्याला कंगव्यातला केस मिळवणं अवघड नाही. म्हणजे १५ वजा. एवढ्या वजाबाकीनंतर थ्रो वाचणं जवळपास नशिबावरच.

उपाय आहे. नॉनडिटेक्शन या तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलने एका माणसाला ८ तास अशा नजरेतून लपवता येतं. दर वेळी २५ गोल्डची हिऱ्याची पूड खर्ची पडते, म्हणून ज्याच्या तोंडून बेत फुटू शकतो त्यालाच आधी लपवा. थ्रो वाचला, तर तोच टाकणारा २४ तास पुन्हा त्याच माणसावर स्क्राइंग करू शकत नाही. सगळ्यांना झाकणं परवडत नसेल तर खरा बेत दोघांनाच माहीत असू द्या आणि बाकीच्यांना आयत्या वेळी सांगा.

हीच वजाबाकी उलट्या दिशेनेही चालते. तोही घाईत निघाला असेल. त्याची जुनी घोंगडी, तुटलेला पट्टा, वहीतलं पान शोधा. तुम्हीही त्याला चांगलं ओळखता.

आणि चोरलेली जादूची वस्तू?

अट्यूनमेंट (वस्तू आणि वापरणारा यांच्यातला जादूचा धागा) लागणारी वस्तू असेल तर तुमच्याकडे थोडा वेळ आहे. एका वस्तूशी एका वेळी एकच जण अट्यून राहू शकतो. वस्तू तुमच्यापासून १०० फुटांहून दूर सलग २४ तास राहिली की तुमचा धागा तुटतो. त्यानंतर त्याला शॉर्ट रेस्ट, म्हणजे एक तास, तिच्यासोबत घालवावा लागतो. पहिल्या दिवसातच पाठलाग केलात तर तुमचीच वस्तू तुमच्यावर उलटत नाही. घाई करावी असं मी सांगेन ते फक्त याच एका कारणासाठी. तुमचा जीव गेला तरी धागा तुटतो, हेही ध्यानात असू द्या.

आमचा अड्डा त्याला माहीत आहे. सोडून द्यावा का?

तो किंवा त्याचा नवा धनी तेराव्या लेव्हलचा किंवा त्यावरचा असेल, तर गंभीरपणे विचार करा. टेलिपोर्ट हा क्षणात दुसरीकडे नेणारा सातव्या लेव्हलचा स्पेल एरवी चुकू शकतो, पण त्या जागेतून गेल्या सहा महिन्यांत उचललेली वस्तू हातात असेल तर चुकत नाही. तुमच्या अड्ड्यावरची एखादी वाटी त्याच्या सामानात असली तरी पुरे. अड्ड्यात कायमचं टेलिपोर्टेशन सर्कल असेल आणि त्याची खूण त्याने पाहिलेली असेल, तर नवव्या लेव्हलच्या पात्रापासूनच तुमच्या अंगणात रस्ता उघडता येतो.

सातव्या लेव्हलचा विझार्ड तुमच्या बाजूला असेल तर प्रायव्हेट सँक्टम टाका. १०० फूट बाजूच्या घनापर्यंतची जागा २४ तास बंदिस्त होते. टेलिपोर्टने आत येणंही बंद करता येतं आणि दुरून डोकावणंही. तोवर ज्यांना लढता येत नाही त्यांना दुसरीकडे हलवा. नोकर, जखमी, लहान मुलं, घोडे. गद्दार आधी यांच्यावरच हात टाकतो, कारण तुमचा जीव कुणात गुंतलाय हे त्याला माहीत असतं.

थेट जाऊन भिडलं तर?

रागाच्या भरात प्रत्येक टेबलाला तेच करावंसं वाटतं. याचं माझं आवडतं उत्तर आपल्याच शहराच्या इतिहासात आहे.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चुलते रघुनाथरावांना दोषी ठरवलं. पण दोषी ठरवलं म्हणून माणूस हातात येत नाही. राघोबादादा अटकेपर्यंत गेलेले सेनानी होते. दरबार, सरदार, फौजेची रीत, सगळं त्यांना आतून माहीत. नाना फडणवीस, सखारामबापू, हरिपंत फडके आणि इतरांनी मिळून जे उभं केलं त्याला आपण बारभाईंचं कारस्थान म्हणतो. त्यात कामं कुठल्या क्रमाने झाली ते पाहण्यासारखं आहे.

नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना आधी पुरंदरावर सुरक्षित हलवलं. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि राघोबांच्या पेशवेपदावरच्या हक्काखालची जमीनच सरकली. पुढे राघोबांनी १७७५ मध्ये सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला, म्हणजे नवा धनी शोधला. इंग्रज फौज त्यांना पुण्याच्या गादीवर बसवायला घाट चढून आली, तेव्हा मराठ्यांनी तिला पुढे येऊ दिलं. जानेवारी १७७९ मध्ये ती तळेगावला पोचली तर गाव जळालेलं, दाणा नाही, वैरण नाही. फौज मागे फिरली आणि वडगावला महादजी शिंदे आणि तुकोजी होळकरांच्या वेढ्यात अडकली. इंग्रजांना तिथेच तह करावा लागला. लोणावळ्याच्या लोकलने जाताना तळेगावपुढचं स्टेशन म्हणजे हे वडगाव.

टेबलावर यातून तीन कामं निघतात. आपल्यातलं दुबळं कोण हे ओळखून त्याला आधी सुरक्षित ठेवा. गद्दार ज्या हक्कावर उभा आहे तो पोखरा: नव्या धन्याला तो का हवा आहे? नकाशा माहीत आहे म्हणून? वारस आहे म्हणून? ती गरजच संपवा. एकदा फिरलेल्या माणसावर नवा धनीही पूर्ण विश्वास ठेवत नाही, त्या संशयाला एखादं बनावट पत्र पुरतं. आणि त्याची रसद तोडा. खेळात रसद म्हणजे विश्रांती. लाँग रेस्टला ८ तास लागतात आणि खर्चलेले स्पेल स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधी) बहुतेकांना त्यानंतरच परत मिळतात. सलग दोन रात्री त्याच्या छावणीवर छोटे छापे घातलेत तर तिसऱ्या दिवशी समोर येणारा माणूस अर्ध्या ताकदीचा असतो.

जागा कशी निवडायची?

अप्पा बळवंत चौकातून मोठ्या चौकटींचा कागद आणा आणि नकाशा खरंच काढा. एक चौकट म्हणजे ५ फूट. गद्दार स्पेल टाकणारा असेल तर १२ चौकटींचं अंतर लक्षात ठेवा, कारण दुसऱ्याचा स्पेल अडवणारा काउंटरस्पेल ६० फुटांपर्यंतच पोचतो आणि तुम्ही त्याला दिसावे लागता. तुमच्या विझार्डला त्यापलीकडे किंवा कोपऱ्याआड जागा हवी. २०२४ च्या नियमांत काउंटरस्पेल झाला तर ज्याचा स्पेल अडतो त्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह मिळतो आणि तो चुकला तरी त्याचा स्लॉट वाचतो. २०१४ मध्ये तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा स्पेल सरळ अडतो आणि स्लॉटही जातो. तुमच्या टेबलावर कुठले नियम हे आधी विचारून घ्या.

सायलेन्स हा आवाज बंद करणारा स्पेल १२० फुटांवरून टाकता येतो आणि २० फूट त्रिज्येत शब्दांचा स्पेल चालत नाही. पण जाणकार माणूस त्यातून चालत बाहेर येईल, म्हणून तो अशा जागी हवा जिथून बाहेर पडायला एकच वाट आहे. आपल्या किल्ल्यांचे गोमुखी दरवाजे पाहिलेत? दोन बुरुजांमधून वळत जाणारी चिंचोळी वाट, दार शेवटपर्यंत दिसत नाही आणि वरून सगळं दिसतं. एखाद्या रविवारी राजगडावर जाऊन संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी चालून या आणि घरी येऊन ती चौकटींवर उतरवा. त्या नकाशावरच्या लढाया मला विकत मिळणाऱ्या कुठल्याही बॅटलमॅपपेक्षा सरस वाटतात.

त्याची कमजोरी कशी ओळखायची?

क्लास आठवा. विझार्डचे पक्के सेव्ह इंटेलिजन्स आणि विस्डम, फायटर आणि बार्बेरियनचे स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशन, रोगचे डेक्स्टेरिटी आणि इंटेलिजन्स, पॅलाडिन, क्लेरिक आणि वॉरलॉकचे विस्डम आणि करिझ्मा. म्हणून जुन्या फायटरवर होल्ड पर्सन (माणसाला जखडणारा, विस्डम सेव्हने टळणारा स्पेल) टाकणं शहाणपणाचं, विझार्डवर टाकणं म्हणजे स्लॉट फुकट घालवणं. विझार्डला पकडून खाली पाडा. मात्र दगा केल्यावर त्याला नवी ताकद मिळालेली असू शकते. पहिल्या फेरीत एखादा स्वस्त स्पेल टाकून अंदाज घ्या आणि भारी स्लॉट मग काढा.

अचानक हल्ला केला तर फायदा किती?

२०१४ च्या नियमांत मोठा: बेसावध माणूस पहिल्या पाळीत हलू शकत नाही, काही करू शकत नाही. २०२४ मध्ये त्याला फक्त इनिशिएटिव्हला (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या डाइसला) डिसॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन डाइस टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. नव्या नियमांवर खेळत असाल तर सगळा बेत यावर टेकवू नका.

बेत डीएमसमोरच आखायचा असतो. मग गद्दाराला आपोआप कळणार नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि तो रास्त आहे. काही टेबलं डीएमला वगळून वेगळा ग्रुप काढतात. मला ते पटत नाही. डीएमला बेत माहीत नसेल तर तो त्याला साजेसं जग उभं करू शकत नाही. आयत्या वेळी "असं होत नाही" ऐकून सगळ्यांचा विरस होतो.

मी डीएम असते तेव्हा खेळाडूंच्या तयारीच्या सेशनआधीच गद्दाराचा बेत लिहून बंद पाकिटात घालते आणि पाकीट टेबलावर ठेवते. त्यात त्याला जुन्या दिवसांतून माहीत असलेल्या गोष्टींवरून तो काय करेल एवढंच असतं. नंतर तो बेत बदलायचा तर खेळात त्याचं कारण घडायला हवं: स्क्राइंग यशस्वी झालं, हेर परतला, कुणीतरी फितूर झालं. लढाईनंतर पाकीट फोडायचं. खेळाडूंनी त्याची माहिती खरोखर शिळी केली होती हे त्यांना कागदावर दिसतं, तेव्हाचा टेबलावरचा आरडाओरडा शेजारच्या फ्लॅटपर्यंत जातो.

डीएमसाठी: त्याचे आकडे कसे ठरवायचे? जुनी कॅरेक्टर शीटच वापरू का?

नको. खेळाडूचं कॅरेक्टर जोरात मारतं पण मार फार झेलत नाही. पाच जणांसमोर एकटं उभं केलं तर त्याच्या एका पाळीला समोरच्यांच्या पाच पाळ्या पडतात आणि दोन फेऱ्यांत खेळ संपतो. महिनोन् महिने वाढवलेलं वैर असं मिटलं की खेळाडूंना रितं वाटतं.

त्याला राक्षसासारखा स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) द्या. हिट पॉइंट वाढवा, हल्ल्याचा जोर शीटपेक्षा कमी ठेवा. दिवसातून तीन लेजेंडरी रेझिस्टन्स द्या, म्हणजे चुकलेला सेव्ह तो वाचला असं ठरवू शकतो. नाहीतर पहिल्याच होल्ड पर्सनमध्ये तो जखडला जातो आणि जवळून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे जास्त जोराचा, होतो. इतरांच्या पाळीच्या शेवटी करता येणाऱ्या तीन लेजेंडरी ॲक्शन दिल्या की पाळ्यांचं गणित सावरतं. तेही नको असेल तर सोबत माणसं द्या, पण प्रत्येकाला स्वतःचं काम हवं: एक दार धरणारा, एक क्लेरिकच्या मागे लागणारा.

त्याची ओळखीची लकब मात्र शीटमधूनच उचला. पूर्वी तो पार्टीसाठी, म्हणजे खेळाडूंच्या गटासाठी, जी युक्ती करायचा, तीच आता त्यांच्यावर करू दे. तो क्षण कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलतो. आणि खेळाडूंनी त्याच्या ज्ञानावर मात करायला मेहनत घेतली असेल, तर त्याला चुकू द्या. सगळं आधीच ओळखणारा शत्रू समोर असेल तर तयारीला अर्थ राहत नाही.

आमचा मित्र शिकायला जर्मनीला गेला. त्याचं कॅरेक्टर गद्दार करू का?

त्याला विचारल्याशिवाय मुळीच नाही. ते कॅरेक्टर त्याने घडवलंय आणि पुण्यातल्या मित्रांशी असलेला तो एक धागाही असतो. विचारलं तर बरेच जण खुशीने हो म्हणतात. मग त्या दिवशी त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि गद्दाराचं बोलणं त्यालाच करू द्या. पुण्यातली संध्याकाळ त्याची दुपार असते, जमतं. आकडे आणि डाइस डीएमकडेच ठेवा. नाही म्हणाला, तर ते कॅरेक्टर सन्मानाने कुठेतरी दूर स्थायिक करा आणि दगा दुसऱ्या एनपीसीकडून (डीएम चालवतो त्या पात्राकडून) करवा.

दग्याने एका खेळाडूला खरंच लागलं. आता?

थांबा आणि बोला, खेळाबाहेर. कुणाच्या घरात, व्यवसायात, मैत्रीत खरा दगा झालेला असतो आणि तो सगळ्यांना माहीत असतोच असं नाही. एक्स-कार्ड टेबलावर ठेवा: कार्डाला हात लावला की तो प्रसंग कारण न विचारता पुढे सरकतो. लढाई नकोशी झाली असेल तर गद्दाराचा निकाल एका वर्णनात लावून टाका. समोर बसलेला माणूस आधी, कॅम्पेन नंतर.

मारायचं की पकडायचं?

हे लढाईच्या आधी ठरवा, कारण मध्येच वाद झाला तर कुणीतरी घाईत फायरबॉल टाकतो. नियमाने जवळच्या हल्ल्यातूनच शत्रूला जीव न घेता पाडता येतं. २०१४ मध्ये तो बेशुद्ध पण स्थिर राहतो, २०२४ मध्ये एका हिट पॉइंटवर बेशुद्ध होतो. बाणाने किंवा फायरबॉलने ही सवलत मिळत नाही. म्हणून तो डळमळायला लागला की दुरून मारणाऱ्यांनी हात आवरायचा आणि शेवटचा वार कुणी करायचा ते नावानिशी ठरवायचं.

पकडलात तर झोन ऑफ ट्रूथ या स्पेलमध्ये १० मिनिटं विचारपूस करता येते. त्याचा सेव्ह चुकला की नाही हे टाकणाऱ्याला कळतं. सेव्ह चुकला तर तो खोटं बोलू शकत नाही, पण गप्प बसू शकतो, किंवा गोल गोल उत्तरं देऊ शकतो. तेव्हा प्रश्न आधीच लिहून न्या आणि "का केलंस?" हा प्रश्न शेवटी ठेवा. तो आधी विचारलात तर दहाही मिनिटं त्यातच जातात, आणि नव्या धन्याची फौज कुठे आहे हे विचारायचं राहून जातं.